चिमणीचं घोरणं

पोरी,

तुझा फोन लागत नाही. तुझ्या लेकीला, चिमणीला घेऊन शेजारच्या काकूंच्या गाडीतून इस्पितळात जातोय.

ती घोरते म्हणून आपण ‘आजोबांवर गेलीय’ म्हणत हसायचो. पण हृदयाजवळची फुगलेली रक्तवाहिनी श्वासनळी दाबते, त्याचाच तो आवाज, असं डॉक्टर म्हणाले होते. आज दुपारी घोरणं एकदम थांबलं. मला आधी बरंच वाटलं, मी पुस्तकाचं पान उलटलं. मग सहज पाहिलं तर तिच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. ओठ जांभळे दिसले. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, तरी जांभळेच.

तिची फाइल सापडली नाही, येताना आण. तू मला भित्री भागूबाई म्हणतेस ना? आज तेवढं खरं ठरू दे.

— बाबा