मागितलेली यादी

जामबाग, हैदराबाद
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

चि. सूर्यभान यास,
सप्रेम जयभीम आणि ताईचे आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहोत. विहारात वर्षावासाचं वाचन रोज चालू आहे. यांचा गुडघा दुखतो, तरी रिक्षाला पैसे नकोत म्हणून नामपल्लीपर्यंत चालतच जातात. बेगम बाजारातून तुझ्यासाठी हळद आणून ठेवली आहे. पुण्याला जाणारं कुणी मिळालं की पाठवते.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर माझ्या तोंडून काय निघून जाईल याचा मला आता भरवसा राहिला नाही.

आपली पिंकी आणि तिच्या ऑफिसातली पोरं युनियन काढताहेत हे कळल्यावर तू म्हणालास, "ताई, युनियन कारखान्यातल्या लोकांची. एसीत बसणाऱ्यांना कशाला हवी?" मी पिंकीला तेच ऐकवलं. ती म्हणाली, "मामाला विचार, नोकरी काढून घेताना एसी सोबत देतात का?"

तुमच्या कंपनीनं अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिलं तपासायचं काम मनिलाला न्यायचं ठरवलं आणि तिथल्या मुलींना ते शिकवायचं काम पिंकीच्याच गळ्यात घातलं. ती रोज सकाळी स्क्रीनसमोर बसून शिकवते. त्या मुलींवर माझा राग नाही. पिंकीच म्हणते, आपणही हे काम अमेरिकेतल्या कुणाच्या तरी टेबलावरून उचलूनच आणलं होतं. तिथल्या बायांना तेव्हा कुणी विचारलं नसेल. म्हणून आमच्या पोरांनाही विचारायचं नाही, हा कुठला न्याय? गिरणी बंद झाल्याचं आपल्या अण्णांना दाराला चिकटवलेल्या कागदावरून कळलं. पुढे महिनाभर ते डबा घेऊन त्या दारापर्यंत जात राहिले. तू सातवीत होतास. एचआरच्या खुर्चीत बसून तू हे विसरला असशील, मी नाही. पोरांचं मागणं एवढंच आहे: काम हलवायच्या आधी आम्हाला समोर बसवून बोला. एकेकट्यानं मागितलं तर कुणी बसवत नाही.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

मागच्या महिन्यात एका मंगळवारी तू सहज विचारल्यासारखं विचारलंस, "पोरं जमतात तरी कुठे?" मी चपात्या लाटत होते. बोलून गेले, पिंकीच्या ऑफिसातल्या विकासच्या घरी. शुक्रवारी विकासचं ओळखपत्र ऑफिसच्या दाराला लागेना. रखवालदारानं त्याचा डबा आणि पाण्याची बाटली पिशवीत घालून बाहेर आणून दिली.

तीन दिवस मी कुणाला काही बोलले नाही. वंदनेत खोटं न बोलण्याचं चौथं शील म्हणायची वेळ आली की जीभ अडखळायची. चौथ्या दिवशी पिंकीला घेऊन विकासच्या घरी गेले आणि त्याच्या बायकोला, सुलभाला, सगळं सांगितलं. हातातलं पातेलं तिनं घासून पालथं घातलं. मग म्हणाली, "काकू, सगळ्यांवर शक होता, तुमच्यावर नव्हता." मला वाटलं, आता ऊठ म्हणेल. तर म्हणाली, "आता माफी नक्को, काम करा. विहाराच्या वर्गणीची वही बावीस वर्षं धरलीत, आमची धरा."

मी फक्त मॅट्रिक, आणि कंपनीतली नाही. पण वकील म्हणाले, बाहेरचं माणूसही युनियनचं पदाधिकारी म्हणून चालतं. मी खजिनदार झाले. पोरं आता आमच्याच घरी जमतात, रविवारी अकरा वाजता. पत्ता तुला ठाऊक आहे.

परवा तू पुन्हा म्हणालास, "ताई, फक्त पोरांची नावं लिहून पाठव. पिंकीचं मी सांभाळतो." पिंकीचं सांभाळू नकोस. बाकीच्यांचं जे होईल ते तिचंही होईल. ही नोकरी तू लावून दिलीस, ते मी विसरले नाही. पण त्या उपकाराची फेड दुसऱ्याच्या पोराच्या नावानं करणार नाही.

पिंकीला मराठी धड वाचता येत नाही, म्हणून हे पत्र तिला आणि सुलभाला मोठ्यानं वाचून दाखवणार आहे. आणि मगच पाकीट बंद करणार.

तू मागितलेली यादी सोबतच्या कागदावर आहे. चांगल्या अक्षरात एकच नाव लिहिलं आहे. खुशाल वर दाखव.

त्या यादीतली, आणि तरीही तुझी ताई,
गीता संघपाल हनवते
खजिनदार