कोरडं दुपटं

झाई, ता. तलासरी
१७ जानेवारी २०१६

प्रिय हितेशदादास,
हेमालीचा नमस्कार. नारूकाका तुझ्या बंदरावर, वेरावळला निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र देते.

आधी एक प्रश्न. तुझा मुलगा लघवीच्या आधी कळवळून रडतो आणि झाली की गप्प होतो. असं का? मी बी.एस्सी. झाले, तरी मला सांगता येत नाही. उपकेंद्रातल्या योगिता सिस्टर म्हणतात, पुष्कळ बाळं तशी रडतात, घाबरू नका.

शांतीवहिनी आता उठून बसते. दूधही छान येतंय. सुरुवातीचे दिवस मात्र वाईट गेले. ते लिहू की नको, असं चाललं होतं.

बाळाचं दुपटं कधीही पाहावं तर कोरडं. एकदा नुसता नारिंगी डाग दिसला. आई ओरडलीच, "रगत गं! शांतीला दूध नाय, पोर सुकलं. पाणी पाज त्याला. नि हितेशला बोलाव!" वहिनी भिंतीकडे तोंड करून रडत होती.

सिस्टर आल्या. त्यांनी बाळाला तपासलं, पिताना पाहिलं. "पाणी अजिबात नको. पहिले एक-दोन दिवस लघवी थोडीच होते, असा डागही पडतो. दूध वाढलं की दुपटी बदलून थकाल. पण होतेय, हे दिसायला हवं."

तेवढ्यात माझा पाय बाजेखालच्या शेगडीला लागला. शेकासाठी आईने ती दिवसभर पेटती ठेवली होती. बाळाखालचं दुपटं ओढून पाहिलं, तर ऊन, कडक, आणि वास येणारं. ओलं होऊन तिथल्या तिथे वाळत होतं!

शेगडी बाहेर ठेवली, बाळ आजीच्या मांडीवर दिलं. जरा वेळाने ते रडलं आणि धार थेट तिच्या तोंडावर.

"बापावर गेलाय मेला, पाण्याबिगर करमत नाय!"

वहिनी त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

दादा, तू शाळा सोडून बोटीवर गेलास म्हणून मी कॉलेजला गेले. तुझ्यासमोर हे कधी बोलता आलं नाही. भर हंगामात उतरलास तर तुझा तांडेल पुन्हा बोटीवर घेणार नाही, हेही मला ठाऊक होतं. म्हणून आईने बोटीच्या शेठना फोन करायला सांगितलं तेव्हा मी त्यांना न करता सिस्टरना फोन केला. आईला सांगितलं, निरोप गेला.

तुला न बोलावणारी,
तुझी हेमाली