बाईसाहेबांचं हँडल

प्रिय सुखदा,

आधी एवढंच वाच आणि मग निवांत चहा ठेव: अण्णा ठणठणीत आहेत. रविवारी मी फोनवर हमसून हमसून रडले, काय काय बोलले ते माझं मलाच आठवत नाही, आणि थोड्या वेळानं ‘येऊ नकोस, सगळं बरं आहे’ एवढाच निरोप पाठवला. तेव्हापासून तू माझ्यावर चिडली आहेस, आणि ते बरोबरच आहे. पण फोनवर सांगायची सोय नाही गं. मी फोन हातात घेतला की हे शेजारची खुर्ची ओढून बसतात, स्पीकर लावायला लावतात आणि माझं वाक्य मलाच दुरुस्त करून देतात. आत्ता ते कॉफी दळून आणायला गाडी घेऊन बाजारात गेलेत. तिथं कोणी ना कोणी भेटतंच, म्हणजे मला भरपूर वेळ आहे.

तुझी काळजी काही उगाच नव्हती. उगादीला तू आलीस तेव्हा त्यांनी चिकमगळूरची तीच गोष्ट एका जेवणात दोनदा सांगितली, आणि चष्मा फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्यावर सापडला. पुण्याला निघताना तू मला स्वयंपाकघरात ओढलंस आणि म्हणालीस, आई, अण्णांना डॉक्टरांना दाखव, ती गाडी आता विकून टाका आणि दोघं माझ्याकडे या. मी वरवर हो हो केलं. पण तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. ते आंघोळ करून आले की मी जाऊन गीझर बघायची, बाजारात गेले की गॅलरीत उभी राहायची. मला चुकून शारदा म्हणून त्यांच्या बहिणीच्या नावानं हाक मारली तरी मी रात्रभर जागी राहायची. माणूस डोळ्यांदेखत हातातून निसटत चाललाय आणि आपण आपल्या पोळ्या लाटतोय, असं वाटायचं बघ. कोणाजवळ बोलायची चोरी. डॉक्टरांची वेळ मी गुपचूप मंगळवारची घेऊन ठेवली होती.

आता बाईसाहेबांकडे, म्हणजे यांच्या त्या गाडीकडे येते. तुला त्या हँडलचं सगळं रामायण ठाऊक आहे, तरी सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे. चिकमगळूरच्या कॉफीच्या मळ्यातून हे ती हिरवी, दोन माणसांची विलायती गाडी घेऊन आले, तेव्हा चालवणाऱ्याच्या बाजूच्या दाराला हँडलच नव्हतं. कोणीतरी तिथं न्हाणीघराच्या दाराची कडी ठोकली होती! नवीन बनवलेली हँडलं मिळत होती, अगदी हुबेहूब. पण यांचं एकच, ती कवळी झाली, दात नव्हे. कितीतरी वर्षं हे माझ्या बाजूच्या दारानं आत शिरून, गिअरवरून पाय टाकत पलीकडे सरकायचे. लोक बघून हसायचे, पण यांना त्याचं काही नाही. शेवटी जे. सी. रोडवरच्या एका जुन्या दुकानाच्या माळ्यावर अस्सल हँडल सापडलं, तेव्हा ते रुमालात गुंडाळून आणून देवापुढे ठेवलं होतं. मी हळदकुंकूसुद्धा वाहिलं, हसू दाबत. ते हँडल ओढायच्या जागी आतून झिजलंय, कोणा जुन्या मालकाच्या बोटांनी मुलामा गेलाय. गाडीला कुलूप लावलं की तिथं बोटं घालून एकदा ओढून बघायचं, हा यांचा नेम. नमस्कार झाला का, असं तू लहानपणी विचारायचीस.

तर रविवारी जुन्या गाड्यांची फेरी होती, येलहंक्यापर्यंत. मी नेहमीप्रमाणे गेले नाही, ते कापडी टप आणि तो वारा मला सोसत नाही. तिथं लोकांना आत डोकावता यावं म्हणून दारांना कुलपं लावली नव्हती. परत निघायच्या वेळी भुरभुर पाऊस आला, सगळ्यांची पळापळ झाली, आणि क्लबमधल्या हर्षितानं छत्री धरून, अंकल बन्नी बन्नी, या या करत यांच्यासाठी गाडीचं दार उघडून दिलं. हे बसले, किल्ली फिरवली आणि घरी आले. वाटेत इंजिन काय गोड चाललं होतं म्हणे! आपण परवा प्लग बदलले त्याचाच हा गुण, असं स्वतःचं कौतुक करत आले. फाटकात गाडी लावली, कुलूप लावलं, नेमानं हँडल ओढलं. आणि घरात येऊन, चप्पलसुद्धा न काढता, मला म्हणाले, श्यामला, ही आपली गाडी नाही.

सुखदा, माझ्या हातातलं पातेलं सुटलं. खिडकीतून मला ती समोर दिसत होती, तीच हिरवी, तेच टप, तेच गोल दिवे. तीस वर्षं जिला लेकीसारखं न्हाऊमाखू घातलं ती गाडी हा माणूस ओळखत नाही. म्हटलं, झालं, आला तो दिवस. मी त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, हातातली किल्ली हळूच काढून घेतली. ते म्हणत होते, अगं, हँडल बघ, हलकं लागतंय, कड बोचतेय, नंबर तरी बघून ये. मी बाहेर गेले. नंबराच्या पाटीवर त्या फेरीचं फडकं चिकटवलेलं होतं. ते काढायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आत आले आणि लहान मुलाला सांगावं तसं म्हटलं, बघितला हं, आपलाच आहे. असं का, म्हणाले. मग माझंच काहीतरी चुकतंय. आणि आपल्या उजव्या हाताची बोटं उघडून बघत बसले. ते मला बघवेना, म्हणून मी आत जाऊन तुला फोन लावला.

तू तिकडे विमान शोधत असशील आणि इकडे फाटकाशी हॉर्न वाजला. बघते तर दुसऱ्या बाईसाहेब! आतून व्हाइटफील्डचा एक तरणाताठा मुलगा उतरला, गुरुप्रसाद त्याचं नाव, कुठल्याशा कंपनीत मोठा इंजिनिअर. कान पकडून म्हणाला, अंकल, सॉरी, स्वल्प मिस्टेक आगिदे, जराशी चूक झालीय. हा पठ्ठ्या आपली गाडी घेऊन थेट व्हाइटफील्डला पोचला होता! वाटेत ती कण्हत होती तर त्याला वाटलं, पावसानं. बायकोनं बाळाची पिशवी काढायला डिकी उघडली, तीत यांचे पाने-पक्कड निघाले, तेव्हा कुठं याच्या डोक्यात प्रकाश पडला. दोन्ही गाड्या एकाच रंगाऱ्यानं रंगवलेल्या, आणि त्या काळी तिकडे किल्ल्यांचे साचेच मोजके, त्यामुळे हिची किल्ली तिला लागते आणि तिची हिला. हे सरळ आपल्या गाडीपाशी गेले, हँडलमध्ये बोटं घातली, डोळे मिटले आणि इतके मोठ्यानं हसले की शेजारच्या प्रेमाअक्का गच्चीवर आल्या. मी पायरीवर बसून पुन्हा रडले, या वेळी आनंदानं. अगं, त्या धडधाकट पोराला डिकी उघडेपर्यंत कळलं नाही ते यांच्या बोटांना कुलूप लावता लावता कळलं होतं. वेडी मी, हे शहाणे!

मंगळवारी डॉक्टरांकडेही जाऊन आलो, साधी तपासणी म्हणून सांगून. त्यांनी घड्याळाचं चित्र काढायला दिलं, तर यांनी गाडीतलं घड्याळ काढलं, आणि ते कधी बंद पडलं तेही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम आहे, चष्मा फ्रिजमध्ये ठेवणं हा आजार नाही, लक्ष नसणं आहे. ते तर लग्नापासून नव्हतं! तेव्हा गाडीसाठी तू पाहिलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळव. आम्ही पुण्याला येऊ, पण राहायला नाही, दिवाळीला.

आणि आता पत्र लिहायचं खरं कारण. नंबर न बघताच आपला आहे कसा म्हणालीस, असं त्यांनी मला विचारलं. चष्मा नव्हता म्हटलं, ते पटलं त्यांना. पण मी रडत होते ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांची समजूत झालीय की गाडी हरवली म्हणून मी रडले. जन्मभर जिला मी सवत म्हटलं तिच्यासाठी! सगळ्या मल्लेश्वरमला सांगून झालंय. काल गाडीची दुसरी किल्ली माझ्या हातात ठेवली, म्हणाले, तुला इतकं वाटतं तिच्याबद्दल, मला कधी कळलंच नाही. मी सरी, बरं, म्हटलं आणि कनवटीला लावली. तेव्हा तू फोनवर चुकूनसुद्धा खरं बोलू नकोस, स्पीकर चालू असतो. मी कोणासाठी रडले ते तुझ्या-माझ्यात राहू दे. त्यांना वाटतंय गाडीसाठी, तर वाटू दे.

तुझीच,
आई

(फाटक वाजलं. हँडल ओढल्याचा आवाज आला. बंद करते.)