डायरेक्ट

४ जानेवारी २०२५

ती. आप्पांस, इंद्रजितचा सा. न. वि. वि.

आम्ही चौकीवरचे सातजण सुखरूप आहोत. जागेचं नाव लिहायची परवानगी नाही आणि फोनला रेंज नाही, म्हणून हे पत्र. आईला सांगा, हातमोजे रोज घालतो.

इथं भुशाच्या कांड्यांवर चालणारी शेगडी आहे. एका छोट्या मोटरवर स्क्रू फिरतो आणि टाकीतल्या कांड्या आगीत ढकलतो. चार दिवस झाले, शेगडी पाच मिनिटं चालते आणि स्क्रू थांबतो. पंखा मात्र चालू. फ्यूज चांगला आहे. मोटरला वेगळी सप्लाय दिली तर गरगर फिरते. वाटेत डबीएवढा एक स्विच आहे, त्याला रबरी नळी जोडलीय. करंट तिथंच तुटतो. स्विच वगळून तारा डायरेक्ट जोडायला हात धजत नाही. मेकॅनिक बर्फ कमी झाल्याशिवाय येणार नाही, तोवर रॉकेलच्या शेगडीवर भागवतोय. आमच्यातला जतचा सिद्धू कुडकुडत मलाच चिडवतो की जळक्या मोटरी भरून देणाऱ्याचं पोरगं, अन् एक स्क्रू फिरवता येईना. काय करू ते लगेच कळवा.

तुमची माया आहेच, ती अशीच राहू द्या.
इंद्रजित

कुंडल, १३ जानेवारी

चि. इंद्रजित यास आप्पासोचे अ. उ. आ.

तुझ्या आईनं पत्र दोनदा वाचून घेतलं. पठ्ठ्या, दुखणं बरोबर ओळखलंस आणि औषध द्यायला घाबरलास होय? मोटर चांगली, फ्यूज चांगला, म्हणजे स्विच मेला. दोन्ही तारा सोल, पीळ दे, वर टेप मार. डायरेक्ट! तीस वर्षं गावातले निम्मे स्टार्टर मी असेच करून दिलेत. लाईट आली की मोटर आपोआप सुरू, एकाची तक्रार नाही. सिद्धूला म्हणावं, आता शेकत बस आणि मोटरवाल्याचं नाव घे.

पत्रात खंड पडू देऊ नकोस.
तुझा आप्पा

कुंडल, १६ जानेवारी

चि. इंद्रजित यास आ.

तार जोडली असशील तर आधी तोड, मग पुढचं वाच.

काल तुझा आतेभाऊ विश्वजित आला होता. साखर कारखान्याच्या बॉयलरवर असतो, म्हणून मी फुशारकीनं त्याला सांगायला गेलो, तर त्याचा चेहराच उतरला. चिमणी धूर नीट ओढते का, ते तो स्विच बघतो म्हणे. चिमणी काजळीनं किंवा बर्फानं तुंबली की कांड्या थांबवतो, खोलीत विषारी वायू भरू नये म्हणून. स्विच मेला नव्हता रे, राखण करत होता. चिमणी साफ करा. जिल्ह्याला जाऊन सैनिक ऑफिसात निरोप दिलाय, पोचेल का ते कुणी सांगत नाही. मला लय भीती वाटते.

आप्पा

२ फेब्रुवारी

ती. आप्पांस, सा. न.

तुमचं पहिलं पत्र २४ तारखेला आलं, दुसरं ३० तारखेला. वादळ होतं, निरोप आलाच नाही.

२४ तारखेलाच तार जोडली. शेगडी अशी पेटली की सगळ्यांनी तुमचं नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहाऱ्यावरून सुटून सिद्धू शेगडीपाशी झोपला. आम्ही बाहेर बर्फ काढत होतो. दोन तासांनी हलवला तर उठला नाही. आधीच तुंबलेली चिमणी रात्रीच्या बर्फानं गच्च झाली होती.

चौकशी चालू आहे. तार माझ्याच डोक्यानं जोडली असं मी साहेबांना सांगितलं. तुमचं पहिलं पत्र जाळून टाकलं. तुम्हीही कुठं बोलू नका, आईजवळसुद्धा नको.

इंद्रजित

कुंडल, १० फेब्रुवारी

चि. इंद्रजित यास अ. उ. आ.

पत्र जाळलंस, पण ते लिहिणारा अजून जिवंत आहे. तुझ्या साहेबांना सगळं लिहून रजिस्टर टपालानं धाडलं. तार तुझ्या हातांनी जोडली, अक्कल माझी होती. शिक्षा व्हायची तर दोघांना होऊ दे. आईलाही सांगितलं. ती रडली आणि मला म्हणाली, आधी जतला जा.

काल गेलो. सिद्धूचे वडील भाऊसो मेंढरांत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं कोकरू खाली ठेवलं. मग एवढंच विचारलं की त्या वायूला वास असतो का. मी नाही म्हणालो. तर म्हणाले की आवं, मग मेंढरालाबी कळलं नसतं, माझ्या लेकराला कुठनं कळायचं.

मला वाटलं होतं, काठी उगारतील. त्यांनी घोंगडं अंथरलं आणि बसा म्हणाले. मला बसवेना रे.

तुझ्यावरची माया तीच आहे.
तुझा आप्पा