घटना हिच्या समोरून गेली

॥ श्री ॥
सोलापूर, १८ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
धाकट्या यज्ञेश्वरचा सा. न. वि. वि.

तुझे कान फोनला दाद देत नाहीत, तेव्हा आपली जुनी पोस्टाची वाटच बरी. माझ्या अक्षराला नावं ठेवायचीही तुझी सोय होते.

निवृत्त झाल्यापासून हा माणूस घरात बसून सगळ्यांचं डोकं खातो, असं तू चेतनासमोर म्हणाली होतीस. आता ऐक. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघानं यंदा गड्ड्याच्या जत्रेत, पाळण्यांच्या शेजारीच एक मांडव घातला. वर फलक लावला, ‘नागरिकहो, तुम्हाला आपला देश किती माहीत आहे?’ येईल त्याला नागरिकशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र यांतले सोपे प्रश्न विचारायचे आणि उत्तर बरोबर आलं तर स्टीलचा डबा द्यायचा. उभी हयात शाळेत हेच विषय शिकवल्यामुळे माइक अर्थातच माझ्या हातात. चेतना, आमची सूनबाई, मोबाइलवर चित्रण करत होती.

डबे बहुतेक परत आले. गुरुबसप्पा, आमच्या संघाचा खजिनदार, म्हणतो की पुढच्या वर्षीही हेच चालतील. चलनवाढ म्हणजे काय, असं विचारल्यावर एक बाई म्हणाल्या की चालणं वाढवणं, डॉक्टरांनी मलाही सांगितलंय. एका गृहस्थांच्या मते रिझर्व्ह बँकेत आधी रुमाल टाकून जागा धरावी लागते. ज्या गावात १९३० साली लष्करी कायदा लागला, चार माणसं फासावर गेली, त्या गावातला कॉलेजात जाणारा मुलगा मार्शल लॉ म्हटल्यावर विचारतो की क्लास कुठे असतो. हसावं की रडावं! आम्ही हसलो.

पण सगळ्यांवर कडी केली ती एका घोंगडीवालीनं. मांडवाच्या कडेला गठ्ठा टेकवून उभी होती. तिला मी मुद्दाम सोप्यातला सोपा प्रश्न टाकला की बाई, घटनेबद्दल तुम्हाला काय माहीत आहे? तर ती पांढरीफटक पडली, पदर तोंडाशी धरला आणि म्हणाली, म्या तितं न्हवते साहेब, म्या काय बी बगितलं न्हाय, मला घटना ठावं न्हाय. मांडव नुसता कोसळला! मी माइकवरच म्हणालो की पाहा मंडळी, घटना हिच्या समोरून गेली आणि हिनं ती पाहिलीच नाही. माझी कवळी पडायची राहिली. चेतनानं तेवढंच कापून इंटरनेटवर टाकलं, तर दोन दिवसांत सबंध जिल्ह्यानं पाहिलं म्हणे. रस्त्यात लोक थांबवून टाळी देतात. सव्वीस जानेवारीला संघ माझा सत्कार करणार आहे.

शेंगाचटणी पाठवतो आहे. तिखट झाली म्हणून सुनेला बोल लावू नकोस, ती मी कुटली आहे. लोभ आहेच, तो या चटणीनंतरही टिकावा.

तुझा
यज्ञेश्वर


सांगोला, २३ जानेवारी

चि. यज्ञेश्वर यास अनेक आशीर्वाद. सवयीनं लिहिले. खोडत नाही, पण आज हात आखडला.

तुझं पत्र यायच्या आधीच तुझा पराक्रम इथे पोचला होता. शेजारच्या वैजयंतीनं मोबाइल आणून दाखवला. मला ऐकू काही आलं नाही. नुसता त्या बाईचा चेहरा दिसला आणि तिच्या शेजारी पोट धरून हसणारा तू.

ती रंभाबाई आहे. दर हिवाळ्यात माझ्या ओट्यावर घोंगड्यांचा गठ्ठा उतरवून चहा पिते. तिचा दीर कोंडीबा सव्वा वर्षापूर्वी, दिवाळीच्या आधी, मेंढरं घेऊन रस्त्याच्या कडेनं चालला होता, तेव्हा इथल्या एका बड्या डाळिंब-बागायतदाराच्या मुलाची जीप त्याच्या अंगावर गेली. माणूस जागच्या जागी गेला. रंभाबाई मागून येत होती. जीप मुलगाच चालवत होता हे पाहिलेलं माणूस एकटी ती. आता त्यांचं म्हणणं असं की गाडीवर पगारी ड्रायव्हर होता, मुलगा घरी झोपला होता.

आता तुझ्या शब्दाकडे ये. घटना हा शब्द तिला कुठे भेटला, याचा विचार केलास? घटना कधी घडली, घटनास्थळी कोण होतं, घटनेच्या वेळी तू कुठे उभी होतीस. ठाण्यात हेच, तलाठ्याकडे हेच, वकिलाकडे हेच. तिच्या लेखी जगात घटना एकच, कोंडीबा मेला ती. गेल्या दिवाळीत बागायतदाराची माणसं तिच्या दारात येऊन बसली आणि तिला धडा पढवून गेली की घटनेबद्दल कुणीही विचारलं तरी म्हणायचं, म्या तितं न्हवते. तिनं मला हे स्वतः सांगितलं होतं. म्हणाली, अक्का, बाहेर कुनी बी इचारलं तर मी त्येच म्हननार, घरात लेकरं हायती की; पर जज्जाम्होरं खरं त्येच सांगनार.

आणि तिथे जत्रेत तू उभा. पांढरा सदरा, चष्मा, हातात माइक, भोवती माणसं. तिला वाटलं तू त्यांचाच.

आता ते तुझं हसू बागायतदाराच्या गाडीत वाजतं म्हणे. स्वतःच्या तोंडानं बाई कबूल करते की ती तिथे नव्हती, यापरतं त्यांना काय हवं? सात फेब्रुवारीला तिची साक्ष आहे. ती घराबाहेर पडत नाही. गल्लीतली पोरं तिला घटनाबाई म्हणतात.

यज्ञेश्वर, तुझी मला लाज वाटली. बाबांच्या मागे मी तुला लहानाचा मोठा केला, म्हणून ती माझीही आहे. तू इथे ये आणि काय विचारलं होतंस ते सांग. चटणी तिखट नाही.

अक्का


सोलापूर, २८ जानेवारी

ती. अक्कास,
यज्ञेश्वरचा शिरसाष्टांग नमस्कार. आज तो खरोखरच घालावासा वाटतो.

तुझं पत्र पंचवीसला मिळालं. वाचून तसाच बसून राहिलो. चेतनानं दोनदा विचारलं की आत्यांची तब्येत बरी आहे ना. मी म्हणालो, आत्यांची बरी आहे.

राज्यघटना म्हणालो असतो तरी भागलं असतं. संविधान म्हणालो असतो तर बिचारी नुसती गप्प राहिली असती. पण वर्गात आम्ही तो शब्द कापूनच वापरतो, घटनेची कलमं, घटनेचा सरनामा. जिभेला तेच वळण पडलेलं. आणि समजा चुकून म्हणालो, तरी तिचा चेहरा माझ्या समोर हातभर अंतरावर होता. इतक्या वर्षांत घाबरलेली पोरं काय कमी पाहिली? धडा न येणारं पोर कसं दिसतं आणि मार खाल्लेलं पोर कसं दिसतं, हे मला न कळायला काय झालं होतं? लोक हसत होते, मला रंग चढला होता, बस.

तुझ्यापासून लपवत नाही. सव्वीस तारखेचा सत्कार मी घेतला. तुझं पत्र वाचल्यानंतर घेतला. जायचं नाही असं ठरवून सदरा काढून ठेवला होता, पण गुरुबसप्पा रिक्षा घेऊन दारात आला आणि कारण सांगायचं धाडस झालं नाही. तिथे त्यांनी तीच चित्रफीत पडद्यावर लावली. सगळे पुन्हा हसले. गळ्यात हार होता, मान वर करता येत नव्हती, लोकांना वाटलं मी विनयानं वाकलो आहे.

घरी येऊन पहिलं काम केलं ते हे की चेतनाला सांगून ती चित्रफीत काढून टाकली. इंटरनेटवरची काढली, तिच्या मोबाइलमधली पूर्ण, न कापलेलीही पुसली. त्या दिवसाचं काही शिल्लक ठेवलं नाही.

कोर्टाचं म्हणशील, तर मी स्वतः येण्यापेक्षा वकिलाकडून रीतसर प्रतिज्ञापत्र करून पाठवलं तर चालणार नाही का? प्रवास झेपत नाही अलीकडे. रंभाबाईंना माझा नमस्कार सांग. काय सांगायचं ते तूच ठरव, माझं शब्दांचं ज्ञान सध्या बंद आहे.

मायेत अंतर पडलं असेल तर ते माझ्याच बाजूनं, हे जाणून आहे.

यज्ञेश्वर


सांगोला, ८ फेब्रुवारी

चि. यज्ञेश्वर यास आशीर्वाद.

प्रवास झेपत नाही म्हणे! गेल्या वर्षी गुरुबसप्पाबरोबर हंपी झेपली होती.

काल साक्ष झाली. मी बाकावर बसून होते. ऐकू न आलेलं सरकारी वकिलांनी नंतर कागदावर लिहून दाखवलं. रंभाबाईनं सुरुवात नीट केली. मग आरोपीच्या वकिलानं ती चित्रफीत लावली. त्यांनी ती पुढून छाटली आहे. तुझा प्रश्न त्यात नाहीच. ती म्हणते की म्या तितं न्हवते, आणि मग तुझा आवाज की घटना हिच्या समोरून गेली आणि हिनं पाहिलीच नाही. कोर्टात बसलेले लोकही हसले. तिला विचारलं की हा चेहरा तुझाच ना? ती व्हय म्हणाली. मग तेव्हा खोटं बोललीस की आज?  तिनं पदर तोंडाशी धरला, जत्रेतल्यासारखाच. जज्जसाहेबांनी साक्ष अर्धवट ठेवून पुढची तारीख दिली, २८.

सरकारी वकिलांनी मूळ चित्रफीत मागितली. मला सांगावं लागलं की माझ्या भावानं ती पुसली. शरमेपोटी पुसलीस हे मी ओळखते, पण पुसलंस काय ते पाहा. लोकांच्या मोबाइलवर फिरतात ते कापलेले तुकडेच; तू तिला कसली घटना विचारलीस याचा दुसरा पुरावा आता कुठेच नाही. तू आहेस तेवढाच.

तुझ्या प्रतिज्ञापत्राचं मी रंभाबाईला सांगितलं. ती म्हणाली, त्यास्नी म्हनावं कागद नगं, मानूस पायजे.

समन्स येईलच. त्याआधी निघालास तर जेवायला घरी ये, नंतर निघालास तर पाहू.

अक्का


सोलापूर, १ मार्च

ती. अक्कास,
यज्ञेश्वरचे अनेक नमस्कार.

काल कोर्टातून परस्पर स्टँडवर गेलो आणि मिळेल त्या गाडीत बसलो. तुझ्या दारावरून रिक्षा गेली, दिवा दिसला. उतरलो नाही. अंगात कणकण असल्यामुळे तू काल कोर्टात नव्हतीस, याचं मला बरं वाटलं होतं. म्हणून मीच लिहितो, दुसऱ्याकडून कळायला नको.

पिंजऱ्यात उभं राहून मी सांगितलं की मला देशाची राज्यघटना विचारायची होती, बाईंना ती दुसरी घटना वाटली. आरोपीच्या वकिलानं मग शांतपणे एकेक विचारायला घेतलं. वयानं माझ्या विद्यार्थ्यांएवढा असेल. राज्यघटना हा शब्द तुम्ही उच्चारलात का? नाही. बाईंचा गैरसमज झालाय हे तेव्हा लक्षात आलं का? नाही. त्यांना पुन्हा समजावून विचारलंत का? नाही. का नाही? मी म्हणालो की लोक हसत होते, पुढे बोलता येईना.

तेव्हा जज्जसाहेबांनी हात वर केला आणि चित्रफीत पुन्हा लावायला सांगितली. अक्का, ती मी घरी ऐकली होती, सत्कारात ऐकली होती. त्या खोलीत ती वेगळीच ऐकू आली. तिचा आवाज अगदी बारीक, आणि त्यावर एक जाड, मोकळं, लांबलेलं हसू, बाकीचे थांबले तरी न थांबणारं. रंभाबाई समोरच्या बाकावर बसून खाली बघत होत्या. जज्जसाहेबांनी विचारलं की सगळ्यांत मोठ्यानं हसतंय ते कोण?

मी म्हणालो, मी.

त्यांनी ते टाइप करणाऱ्या बाईंना सांगितलं. ‘हसण्याचा आवाज साक्षीदाराचा आहे.’ वाचून दाखवलं आणि मी खाली सही केली.  मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात, ते काय असतं ते कळलं.

मग रंभाबाईंना पुन्हा उभं केलं. सरकारी वकिलांनी विचारलं की जत्रेत तुम्ही तसं का म्हणालात? त्या म्हणाल्या, ह्ये साहेब बी त्येंचंच वाटलं. आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. जीप कुठून आली, कोंडीबांनी हात कसा केला, ती कोण चालवत होतं. त्याच्याकडे बोट करून नाव घेतलं. दारात येऊन कुणी काय पढवलं तेही सांगितलं. वकील मध्ये दोनदा उठला. त्या थांबल्या, तो बसल्यावर पुढे बोलल्या. निकाल काय लागेल ते सांगता येत नाही म्हणतात, पण साक्ष पक्की झाली असं सरकारी वकिलांचं मत आहे.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यापाशी गेलो. काय बोलायचं ते गाडीत घोकून आलो होतो. वहिनी म्हणणार होतो, हात जोडणार होतो. त्या ओट्यावर बसून पाणी पीत होत्या. मला समोर बघितलं तशा तांब्या खाली ठेवून उभ्या राहिल्या, शाळेत गुरुजी आल्यावर पोर उभं राहतं तशा. पदर नीट केला आणि म्हणाल्या, आजून काय इचारायचं ऱ्हायलंय का, साहेब?

मी नाही म्हणालो.  त्या तशाच उभ्या होत्या, मी जाईपर्यंत बसल्या नाहीत.

तू त्यांच्याकडे जाशील तेव्हा माझं काही सांगू नकोस. आणि लोभ ठेव असं तुला आज कुठल्या तोंडानं लिहू? ठेवावासा वाटला तर ठेव.

तुझा
यज्ञेश्वर