किटलीच्या आतल्या रेघा

दादा,

काल स्वयंपाकघरात गरम पाण्याचं नवं मशीन बसवलं. कप खाली ठेवायचा, बटण दाबायचं, की तेवढ्या एका कपाचंच पाणी तापून खाली येतं. बसवायला आलेला माणूस मला समजावत होता, "मॅडम, आपल्याला लागतं एक कप आणि आपण किटलीत तापवतो चार. उरलेलं गार होतं, मग परत तापवायचं. सगळी वीज वाया. हे मशीन मागाल तेवढंच तापवतं." अरे बाबा, माझा जन्म गेला विजेच्या कामात, मला कसला शिकवतोस, असं तोंडावर आलं होतं. पण गप्प बसले. कारण हे मला तुम्ही शिकवलं होतंत, आणि मी ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

कारखान्याच्या हेड ऑफिसात जिन्याखालच्या कोनाड्यात तुमचं, शिपायाचं टेबल होतं. त्यावर स्टीलची विजेची किटली, तिच्या तळाशी वेटोळं कॉईल. एकदा पाणी कमी पडलं आणि कॉईल जळलं, तेव्हापासून तुम्ही किटलीच्या आत खिळ्यानं रेघा ओढून ठेवल्या होत्या. सगळ्यात खालची रेघ दोन कपांची, कारण त्याच्याखाली पाणी गेलं की कॉईल उघडं पडायचं. तिच्यावर तीन, चार, अशा सहापर्यंत. एकट्यासाठी किटली लावायची नाही, हा तुमचा नेम. कुणा एकाला चहाची तल्लफ आली की तुम्ही टेबलाटेबलाशी जाऊन विचारायचात, "आनखी कोन घेनार हाय? पुरा का अर्धा?" लोक हसायचे, 'आली जनगणना' म्हणायचे, पण बोटं वर करायचे. मग तुम्ही बरोब्बर त्या रेघेपर्यंत पाणी ओतायचात. मी एकदा वैतागले तेव्हा म्हणालात, "आदी इचारावं, मंग चढवावं. तापवून वतून द्यायचं, ह्यात काय शानपन हाय?"

मला त्या विचारत फिरण्याची लाज वाटायची. आज खरं तेच लिहिते. नगरहून डिप्लोमा करून आले आणि तुम्हीच "माज्या पोरीला घ्या" म्हणत साहेबांच्या हातापाया पडून मला कारखान्याच्या इलेक्ट्रिक विभागात वर्षभरासाठी शिकाऊ म्हणून लावलंत. वर्ष संपल्यावर ठेवतील का घरी पाठवतील, याचा काही भरवसा नव्हता. पहिल्याच दिवशी सायकलवरून जाताना मी तुम्हाला सांगितलं, ऑफिसात मला नावानं हाक मारू नका. तुम्ही म्हणालात, "बरं. मंग काय म्हनू?" मी म्हटलं, बाई म्हणा, बाकीच्या बायांना म्हणता तसं. तुम्ही हसलात. "व्हय बाई." तेव्हा मला वाटलं, चला, सुटले.

मग तो पुण्याचा साहेब आला, वीजबचतीची पाहणी करायला. ऐन गळिताचा हंगाम, आमचे साहेब ऊस गाळायच्या मिलकडे अडकलेले, म्हणून त्याला हिंडवायचं काम माझ्यावर आलं. मोटारी दाखवल्या, पंप दाखवले, तो वहीत टिपत होता. केबिनमध्ये येऊन टेकतो न टेकतो तोच तुम्ही दारात. "सायेब, चहा पुरा का अर्धा?" माझी कानशिलं तापली. मी म्हणाले, "अहो, विचारत काय बसता? भरून लावा किटली." तुम्ही क्षणभर माझ्याकडे बघितलंत आणि "बरं बाई" म्हणून गेलात. साहेबानं विचारलं, कोण हे? मी म्हणाले, जुने शिपाई आहेत इथले.

साहेब हात धुवायला उठला. बेसिन तुमच्या कोनाड्यालाच लागून होतं. मी मागोमाग गेले, तर तो किटलीत वाकून बघतोय आणि तुम्ही हातात पाण्याचा जग घेऊन उभे. "ह्या रेघा कुणी काढल्या?" तो विचारत होता. "मोटारींचं राहू द्या, वीजबचत म्हणतात ती ही. लागेल तेवढंच तापवायचं. कुणाची कल्पना?" तुम्ही तोंड उघडायच्या आत मी बोलले, "माझी, सर." दादा, विचार करायलाही मला वेळ लागला नाही. साहेबानं तुमच्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, "व्हय सायेब. बाईंनीच काढून दिल्यात. मला कुटलं येतंय?" आणि मी भरून लावा म्हटलं होतं तरी तुम्ही पाणी दोनाच्या रेघेपर्यंतच ओतलंत.

त्याच्या अहवालात माझं कौतुक आलं, आणि वर्ष सरल्यावर मला कायम केलं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं म्हणतात ते हेच. पण साहेब येऊन गेला त्या संध्याकाळी उसाच्या बैलगाड्यांच्या रांगेशेजारून आपण सायकली हातात धरून चालत होतो. मी वाट बघत होते, आता बोलतील. एक कानफटात ठेवून दिली असती तरी मला बरं वाटलं असतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "सायबाला पटलं न्हवं? झालं तर मंग." पुढे तुम्ही ती गोष्ट सगळ्यांना सांगत राहिलात. पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, शेवटी शेवटी माझ्या लेकीला मांडीवर घेऊन: "तुज्या आयनं किटलीत रेघा वढल्या, म्हनून तिला नोकरी लागली." मी तिथंच शेंगा फोडत बसलेली असायची. तुम्हाला ते खरंच वाटायला लागलं होतं की मला झाकत होतात, हे मला कधी कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही, आणि एक दिवस तुम्ही गेलात.

काल रात्रभर ठरवत होते, लेकीला सगळं सांगायचं. आज सकाळी ती उठून आली, मशीनचं बटण दाबलं, कप भरला आणि पाणी आपोआप थांबलेलं बघून म्हणाली, "आई, हे तर तुझ्या किटलीच्या रेघांसारखंच आहे. ती आयडिया तुझीच होती ना गं?" घरात आम्ही दोघीच होतो. साहेब नव्हता, नोकरी जायची भीती नव्हती. बोलायचं होतं तरी काय? आजोबांची होती, इतकंच.

मी हो म्हणाले. वर तिलाच विचारलं, चहा पुरा घेणार का अर्धा.

ती कामावर गेल्यावर हे लिहायला बसले. तिच्या टेबलावर ठेवावं असं मनात होतं. पण घडी घालून वरच्या फळीवर, डाळीच्या डब्यामागे सारतेय. तिचा हात तिथवर पोचत नाही, मला माहीत आहे.