ताटली कोण हलवतं?

चिरंजीव दर्यावरच्या भाच्यास,

आत्याचे पोटभर आशीर्वाद. तू खुशाल असशील, वेळेवर जेवत असशील आणि वाऱ्यात कान झाकून उभा राहत असशील असं धरून चालते. आमचं विचारशील तर माझा गुडघा पुन्हा मूळपदावर आलाय, तुझ्या आतोबांचा रक्तदाब बरा आहे, आणि तुझी ती खाऱ्या पाण्यातल्या माशांची काचेची पेटी आमच्या दोघांपेक्षा ठणठणीत आहे. बोटीवरची नोकरी सोडून तू जमिनीवर येतोयस आणि पुढच्या महिन्यात पेटी घेऊन जाणार आहेस, हे वाचून जीव भांड्यात पडला. ने बाबा एकदाची. माझ्या शिवणाच्या खोलीत आता मशीन ठेवायची की समुद्र, हे एकदा ठरू दे.

जाताना तू म्हणालास, "आत्या, फक्त लक्ष ठेव." (आणखीही बरंच सांगत होतास, पण गॅसवर दूध होतं.) म्हणून मी लक्ष ठेवलं. पाहते तर पेटीतली बाकीची जिवंत प्रवाळं दगडांवर ऐटीत बसलेली आणि ती एकटी ताटलीसारखी दिसणारी, भोवती बोटंच बोटं असलेली, खाली वाळूत पडलेली. माझ्या घरात जमिनीवर पडलेली वस्तू मला दिसत नाही, म्हणजे दिसली की राहत नाही, हे तुझ्या मोज्यांना विचार. मी बाही वर केली, तिला उचललं आणि सगळ्यात वरच्या दगडावर छान तिरकी टेकवून ठेवली, मांडणीत ठेवतात तशी. बाईसाहेब घसरल्या, दगडाला घासल्या आणि एका बाजूची कड पांढरीफटक पडली. पाळायचे मासे विकणाऱ्या दुकानदाराला बोलावलं. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "बाई, हिच्या आत दगड आणि वरून नुसता पापुद्रा. दगडावर घासला की फाटतोच. हिला वाळूतच सुखानं पडू द्या. आणि कड कितीही पांढरी दिसली तरी टाकून देऊ नका."

मग मी तिला वाळूच्या बरोबर मध्यावर ठेवली. (इतकी वर्षं लोकांचे कपडे बेतले, मध्य काढायला मला टेप लागत नाही.) दुपारी बघते तर ही काचेच्या कोपऱ्यात! घरात माणसं किती? दोन. त्यातली एक मी. उरले तुझे आतोबा. आता त्यांची अवस्था तुला ठाऊक नाही. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, पण निवृत्त झाल्यापासून खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे आणि सगळ्याला एकच उत्तर, "हं." चहा घेता? हं. पंखा पडला का काय? हं. मी विचारलं, ताटली तुम्ही हलवली? तर म्हणाले, "हं?" याला मी कबुली समजले. ताटली परत मध्यावर ठेवली, ती परत कोपऱ्यात. मग मी अबोला धरला आणि चहाचा कप आदळून ठेवायला लागले. त्यावर त्यांनी माझ्यावरच खापर फोडलं, की तूच तिरकी ठेवतेस आणि नाव माझं घेतेस. (निवृत्तीनंतरचं त्यांचं हे सगळ्यात लांब वाक्य. रागाच्या भरात माझ्या ते लक्षातच आलं नाही.)

शेवटी पेटीसमोर दोन खुर्च्या मांडल्या आणि दोघंही डोळ्यांत तेल घालून बसलो. मी त्यांच्यावर पाळत ठेवून, ते माझ्यावर. ताटलीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. तेवढ्यात ती फुगायला लागली! आधी गालासारखी टम्म, मग अंगावरची वाळू झटकली, आणि हळूच, कुणाला कळणार नाही अशा बेतानं, सरकली. आम्ही दोघं एकदमच ओरडलो, "अगं बाई!" (हो, तेसुद्धा.) मग तुझे आतोबा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. म्हणाले, "जन्म गेला वर-खाली करणाऱ्यांत, आडवी जाणारी पहिलीच भेटली!"

तिथून माझे खरे हाल सुरू झाले. आता पाण्याचा झोत तिच्या अंगावर येतो म्हणून पंप फिरवणं यांच्याकडे, दिवा उंच करणं यांच्याकडे. काज करायच्या माझ्या कात्रीनं कोळंबीचे बारीक तुकडे करतात, पंप बंद करतात (नाहीतर घास वाहून जातो आणि तुझा तो पिवळा चोर मासा पळवतो) आणि चिमट्यानं तिला भरवतात. वर मला सांगतात, "घाई करू नकोस, तिला गिळायला वेळ लागतो." मला म्हणजे, जिनं यांची पोरं भरवून मोठी केली! मापं द्यायला आलेल्या बायकांनाही हे सगळं समजावून सांगतात. बायका पेटीसमोर वाकून उभ्या, मी मागे टेप घेऊन उभी. गेल्या आठवड्यात एकीचा झगा त्यामुळे पाठीत आखूड झाला. कापडांवर मिठाचे डाग, कात्रीला कोळंबीचा वास, आणि घरात दिवसभर बडबड. मी अगदी विटले आहे. लवकर ये आणि ने.

तुझी वैतागलेली,
आत्या

ता. क. ती पांढरी कड आठवते ना? तिच्यावर शर्टाच्या बटणाएवढ्या इवल्या इवल्या ताटल्या फुटल्यात! दुकानदार म्हणाला, जखमेतून अशी पिल्लं येतात कधी कधी. आतोबांनी अख्ख्या जिन्यावर बातमी केली. मोठी झाली की त्यातली एक तुझी. (दगडावर ठेवू नकोस.)

ता. ता. क. हे पत्र टाकायचं राहिलं, तेवढ्यात यांनीही तुझं पत्र वाचलं आणि तेव्हापासून पुन्हा खिडकीशी जाऊन बसलेत. काल विचारलं, ताटलीला भरवलंत का? तर म्हणाले, "हं." मला भीती वाटते रे. तो हं मी पुन्हा ऐकू शकत नाही. तेव्हा पेटी ने, पण ताटली राहू दे. आता ताटलीला पाणी लागणार, तेव्हा पाणी राहू दे. पाणी काही ओंजळीत राहत नाही, म्हणून काच राहू दे. दिवा आणि पंप तुला सुटे काय कामाचे? आणि मासे एवढ्या प्रवासात दमतील. एकूण काय, तू नुसताच ये. आणि नवीन घरात जागा नाही असं तुझ्या तोंडानं सांग. माझं नाव मधे आणू नकोस. मी वैतागलेली आहे.